गोलंदाजी बाळूंची, कप्तानी दुसऱ्याची

कार्तिकी एकादशीला खोपोलीशेजारच्या साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. पंढरपुरात तुळशीच्या माळा विकल्या जातात, साजगावच्या जत्रेत सुक्या बोंबलाचे ढीग लागतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. देवाशी आम्हाला कर्तव्य नाही. पण ही जत्रा उठली की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात दुसरी एक जत्रा सुरू होते, तिच्याशी मात्र आम्हाला कर्तव्य आहे. भातकापणी आटोपलेली असते. खाचरे मोकळी होतात, बांध सपाट करून माती चोपली जाते आणि गावोगाव टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने लागतात. मंडप, चषक, रोख इनाम आणि कर्ण्यावरून चालणारे मराठमोळे समालोचन. बौद्धवाडीतली, चांभारआळीतली, कातकरी आणि ठाकरांच्या वाड्यांवरची पोरे या मैदानांवर जीव तोडून खेळतात. आठवडाभर कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबलेले हात रविवारी चेंडू टाकायला मोकळे होतात.

या पोरांना सचिन ठाऊक आहे, धोनी ठाऊक आहे. परदेशातल्या गोलंदाजांची नावेही त्यांच्या तोंडपाठ आहेत. पण भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज आपल्यातलाच होता, अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजात जन्मलेला कोकणी माणूस होता, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. शाळेच्या पुस्तकाने सांगितले नाही आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनीही क्वचितच सांगितले. खेदाची गोष्ट अशी की आपल्या चळवळीनेही ते पुरेसे सांगितले नाही. त्याला एक कारण आहे आणि त्या कारणाकडेही या लेखात पाठ फिरवायची नाही.

त्या माणसाचे नाव बाळू पालवणकर. कोकणातले पालवण हे त्यांचे मूळ गाव, त्यावरून हे आडनाव. जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला. घराणे लष्कराच्या आश्रयाने पुण्यात आले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघेही पुढे क्रिकेट खेळले. पण बाळूंचा क्रिकेटशी पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. पुण्यात पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट करायची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, हे त्यांचे काम. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. काम तेच होते, फक्त वाढलेले. खेळपट्टी तयार करा, जाळ्या लावा, पांढऱ्या रेघा मारा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाका.

हा शेवटचा शब्द नीट लक्षात घेण्यासारखा आहे. चेंडू टाका. बाळूंनी पूना क्लबवर तासन्‌तास, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चेंडू टाकले. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असा त्याने बाळूंशी ठराव केला होता, असे सांगतात. डावखुरी फिरकी, चेंडूची उंची आणि वेग बदलण्याची हातोटी, एकाच टप्प्यावर पुन्हा पुन्हा चेंडू टाकण्याची शिस्त हे सारे बाळू तिथे शिकले. कुणा गुरूने शिकवले नाही. मजुरीनेच त्यांना घडवले.

पण पूना क्लबच्या जाळीत बाळूंना फलंदाजी करायला कधी मिळाली नाही. फलंदाजी ही साहेबाची मौज होती. चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते. बॅट हातात घेणारा उभा राहणार आणि दुसऱ्याने धावत येऊन घाम गाळायचा. क्रिकेट इंग्लंडातून आले हे खरे, पण आपल्याकडे येताच त्याच्यात वर्णव्यवस्थेची सावली शिरली ती अशी.

बाळूंच्या फिरकीचा बोलबाला झाला तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबची पंचाईत झाली. साहेबांच्या संघाला हरवायचे तर बाळू हवेत, पण बाळू अस्पृश्य! अखेर पेशव्यांच्या पुण्याने तोडगा काढला. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घेत. त्याला विटाळ नव्हता. मात्र चहापानाची वेळ झाली की इतरांना तंबूत चिनी मातीचे कप आणि बाळूंना तंबूबाहेर मातीचे बोळके. जेवण वेगळ्या ताटात आणि वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते बाहेर कोपऱ्यात, तेही अस्पृश्य नोकराच्या हातून. कातड्याने मढवलेल्या चेंडूला विटाळ नाही, पण तो चेंडू वळवणाऱ्या बोटांना विटाळ आहे, असे हे धर्मशास्त्र होते!

सातारच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी ७ बळी घेऊन पुण्याच्या हिंदू संघाला विजय मिळवून दिला. मग सत्कार झाले. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळू शकता त्याच्याबरोबर तुम्ही खाल्ले-प्यायलेही पाहिजे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी तेव्हा जाहीरपणे सुनावले. रानड्यांचे हे बोलणे त्यांच्या लौकिकाला शोभणारेच होते. पण एक प्रश्न आपण विचारला पाहिजे. ७ बळी घेतले म्हणून बाळूंना चहाचा कप मिळायचा असेल, तर ज्याला एकही बळी मिळाला नाही त्या अस्पृश्याने काय करायचे? माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क गोलंदाजीच्या आकड्यांवर ठरायचा काय?

१८९६-९७ला पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आले. त्या काळी पुण्याहून मुंबईला येण्याचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा. म्हणजे आपल्या डोक्यावरचा हा घाट उतरून, कर्जतवरूनच मुंबईची वाट होती. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली सुरू झालेला होता. तिथेही काही सभासदांनी बाळूंना घेण्यास विरोध केला, पण कप्तान कीर्तिकर यांनी त्यांना संघात आणले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले. मुंबई पुण्यापेक्षा थोडी मोकळी होती. गिरण्यांच्या आणि आगगाडीच्या शहरात शिवाशिव पाळणे तसे अवघडच होते.

फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांत सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. राज्यकर्त्या गोऱ्यांचा १०९ धावांनी पराभव झाला आणि त्यात बाळूंनी ८ बळी टिपले. धाकटे शिवरामही त्या संघात होते. या विजयाचे वर्णन करताना 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने क्रिकेटपेक्षा जातीविषयी अधिक लिहिले. पुण्यात ज्याला तंबूबाहेर चहा दिला जात होता तोच माणूस मुंबईत सर्वांबरोबर जेवू लागला, यातच हिंदूंच्या विजयाचे मर्म आहे, असा त्याचा आशय होता. देशभर या विजयाचा गवगवा झाला. मात्र तो 'हिंदूंचा विजय' म्हणून झाला. हिंदू धर्माने ज्याला माणूस मानले नव्हते त्याच्या खांद्यावर बसून हिंदू जिंकले होते, हे सांगायला फारसे कुणी पुढे आले नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज काही सामने खेळले आणि मग राजे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यात आणि मेजवान्यांत रमले. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. अशा पडत्या संघात पस्तिशीतले बाळू खांदा दुखत असतानाही चेंडू टाकत राहिले. त्या दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले बळी होते ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायर या कौंटी संघाला भारतीयांनी हरवले त्या सामन्यात बाळूंचे ११ बळी. सॉमरसेटविरुद्धचा एका गड्याने मिळवलेला विजय शिवरामांच्या नाबाद शतकामुळे मिळाला. प्रथम श्रेणीच्या कौंटी संघांवर त्या दौऱ्यात मिळालेले विजय हे दोनच, आणि दोन्हींवर पालवणकर बंधूंचा शिक्का. महाराज कप्तान होते आणि चांभाराची पोरे सामने जिंकून देत होती.

बाळूंची कारकीर्द पुढे १९२०-२१पर्यंत चालली. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५च्या आसपास. त्या काळी सामने मोजकेच होत हे ध्यानात घेतले तर हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. भारताने पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली. तोवर बाळू निवृत्त होऊन दहा वर्षे उलटली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

आता मुख्य मुद्दा. एवढी कामगिरी केलेला, संघातला सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत अनुभवी खेळाडू हिंदू संघाचा कप्तान झाला काय? नाही. कधीच नाही. वर्षामागून वर्षे कप्तानी दुसऱ्याकडे जात राहिली. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान केले गेले, तेव्हा स्वतः पै यांनीच सत्काराला उत्तर देताना हा मान ज्येष्ठतेने बाळूंना मिळायला हवा होता, असे सांगितले. पै हे सारस्वत ब्राह्मण. त्यांचा हा प्रांजळपणा नोंदवलाच पाहिजे. पण कबुली देऊनही व्यवस्था बदलली नाही. कप्तानपद पैंकडेच राहिले.

मग आले १९२० साल. हे साल आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' निघाला. २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. अस्पृश्य समाज स्वतःच्या तोंडाने बोलू लागला होता. त्याच वर्षी चौरंगी सामन्यांच्या वेळी हिंदू जिमखान्याच्या निवड समितीने बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले म्हणून कप्तानी दिली ती पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधरांहून ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल पालवणकरांना डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि हा अन्याय आपल्या जातीमुळेच होत आहे, असे उघडपणे जाहीर केले.

आणि काय आश्चर्य! जे वीस वर्षांच्या सेवेने झाले नव्हते ते या एका नकाराने झाले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, पालवणकर बंधूंची समजूत काढण्यात आली, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान करण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते का होईना, बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. चांभाराच्या मुलाला सवर्ण प्रेक्षकांनी खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन मराठीत लिहिले. ते आज किती वाचनालयांत सापडते हा वेगळा प्रश्न आहे.

बंधू-भगिनींनो, या हकिकतीतला धडा साधा आहे. बाळूंना काम नाकारले गेले नाही. कामाला तर त्यांना बोलावून नेले. नाकारला गेला तो अधिकार. चेंडू तू टाक, पण तो कोणत्या बाजूने, किती वेळ आणि कोणत्या क्षेत्ररचनेवर टाकायचा ते आम्ही ठरवू. घाम तुझा, हुकूम आमचा. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेची चिरफाड करताना हेच दाखवून दिले की तिथे फक्त कामे वाटलेली नसतात, काम करणारी माणसेच उतरंडीत वाटलेली असतात. उतरंडीतल्या वरच्या मडक्याला हुकूम मिळतो आणि खालच्याला ओझे. क्रिकेटच्या हिरवळीवर हेच घडत होते.

२००१ साली 'लगान' नावाचा चित्रपट आला. देशाने तो डोक्यावर घेतला. त्यात कचरा नावाचा एक अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे. या पात्रामागे बाळूंची आठवण असावी, असे अनेकांनी लिहिले. पण जरा तपासून पाहा. कचराचा हात लुळा आहे, म्हणून त्याचा चेंडू आपोआप वळतो. म्हणजे त्याची कला ही कलाच नाही, ते व्यंग आहे. ती हेरतो कोण? सवर्ण नायक भुवन. कचराला संघात घेण्यासाठी गावाशी भांडतो कोण? तोच भुवन. कप्तान कोण? तोही भुवनच. कचरा संपूर्ण चित्रपटात स्वतःसाठी एक वाक्य धड बोलत नाही. चित्रपटाची कथा घडते १८९३ साली. नेमक्या त्याच सुमारास पुण्यात खराखुरा बाळू धडधाकट हाताने, हजारो चेंडूंच्या मेहनतीने इंग्रज अधिकाऱ्यांच्या यष्ट्या उखडत होता! आमच्या माणसाची मेहनत ज्यांना पडद्यावर दाखवता आली नाही, त्यांनी तिच्या जागी लुळा हात दाखवला. दयेला पात्र होणारा दलित त्यांना चालतो. कसबी आणि मानी दलित त्यांच्या कल्पनेत बसत नाही.

हा प्रकार भारतापुरताच आहे असे नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्यात चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या आडदांड खेळाडूंच्या भिंतीत घुसणारा एक खेळाडू असतो. सर्वाधिक मार तो खातो. मिसिसिपी राज्यातल्या गरीब काळ्या वस्तीतून आलेला वॉल्टर पेटन हा असाच खेळाडू. टेकडीवर धावून धावून त्याने शरीर कमावले होते. १९७५ ते १९८७ अशी १३ वर्षे तो शिकागोच्या संघाकडून खेळला आणि या १३ वर्षांत त्याचा सामना चुकला तो फक्त एक. १६,७२६ यार्ड धावण्याचा त्याचा विक्रम २००२पर्यंत अबाधित होता. निवृत्तीनंतर एखाद्या संघाच्या मालकीत वाटा मिळवावा, अशी त्याची धडपड होती. ती फळाला आली नाही. १९९९ साली तो वारला. मैदानावर हवा होता तेवढा काळा माणूस त्यांनी घेतला. मालकांच्या टेबलाभोवती खुर्ची मात्र मिळाली नाही.

बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली वर्णभेदाची भिंत फोडून मैदानात पाऊल ठेवले. पण कृष्णवर्णीय माणसाच्या हाती संघाचे संचालन यायला १९७५ साल उजाडले. त्यात २८ वर्षे गेली. फुटबॉलमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय, पण मुख्य प्रशिक्षक जवळजवळ सारे गोरे. म्हणून २००३ साली नियम करावा लागला की मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवारालाही मुलाखतीला बोलावलेच पाहिजे. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. खेळाडू निवडताना त्यांना गुणवत्ता बरोबर दिसते. कप्तान, प्रशिक्षक आणि अधिकारी निवडताना मात्र ती अचानक दिसेनाशी होते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळानेही २०१६ साली राष्ट्रीय संघात कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर खेळाडूंचे प्रमाण किती असावे याचे उद्दिष्ट ठरवून टाकले. तिथे त्याला सामाजिक परिवर्तन म्हणतात. आपल्याकडे नुसता विषय काढला तरी जातीयवादी ठरवले जाते.

आता त्या अवघड कारणाकडे येऊ. बाळू आपल्या चळवळीच्या स्मरणातून का निसटले? सुरुवातीला तर तरुण बाबासाहेबांना बाळूंचा मोठा अभिमान होता. १९११च्या दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्राच्या रचनेत तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमरावांचा हात होता, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढेही बाबासाहेबांनी बाळूंच्या गौरवाच्या सभांत भाग घेतल्याचे चरित्रकार सांगतात. पण १९३२ साल आले आणि वाटा वेगळ्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्या बरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १३ ऑक्टोबर १९३५च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. आणि फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले ते याच बाळूंना! बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

हे लपवण्याचे कारण नाही आणि यावरून बाळूंना शिव्या देण्याचेही कारण नाही. मुळात काँग्रेसची चाल समजून घ्या. बाबासाहेबांना पाडायचे तर सवर्ण उमेदवार चालणार नव्हता. जागा राखीव होती. तेव्हा अस्पृश्यांतलाच, घराघरांत नाव पोचलेला, ज्याच्याबद्दल कुणाच्या मनात अढी नाही असा माणूस हवा होता. महार आणि चांभार यांच्यातला दुरावा हेही एक हत्यार होते. हिंदू संघाला इंग्रजांविरुद्ध बाळू हवे होते, तसे काँग्रेसला बाबासाहेबांविरुद्ध बाळू हवे होते. दोन्हीकडे चेंडू बाळूंनी टाकायचा होता आणि दोन्हीकडे कप्तान दुसराच होता.

पुणे कराराचा पेच तर याच भाषेत उलगडतो. करारात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा मिळाल्या. आकडा मोठा दिसतो. पण त्या जागांवर कोण बसणार हे शेवटी कोण ठरवणार होते? प्राथमिक निवडणुकीत आपण चार नावे सुचवायची आणि त्यातला एक संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुसंख्य सवर्णांनी, निवडायचा. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवा होता तो आपला कप्तान आपण निवडावा यासाठी. ज्या माणसाची कप्तानी दुसऱ्यांच्या निवड समितीने आयुष्यभर अडवून धरली, त्यानेच दुसऱ्यांच्या निवड समितीवर विश्वास टाकावा, हे बाळूंच्या आयुष्यातले मोठे शल्य आहे. पण समजूनही घ्या. बाळूंना जे काही मिळाले ते सवर्णांतल्या काही भल्या माणसांमुळे मिळाले होते. कीर्तिकरांनी संघात घेतले, रानड्यांनी बाजू मांडली, पै यांनी कबुली दिली. एकट्याच्या गुणांवर वर आलेल्या माणसाला असे वाटू लागते की दारे हळूहळू आपोआप उघडतील. बाबासाहेबांना कळले होते की एका माणसासाठी उघडलेले दार समाजासाठी उघडलेले नसते.

म्हणूनच मातीचे बोळके आणि चवदार तळे ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पुण्यात बाळू बोळक्यातला चहा मुकाट पीत आणि मैदानात उतरून बळी घेत. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, त्यांच्या मागे चळवळ नव्हती. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्यांच्यातल्या कुणीही ७ बळी घेतलेले नव्हते. ती माणसे होती, एवढे पुरेसे होते. त्याच काळात बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस म्हणून बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे सीताराम शिवतरकर मास्तर हे चांभार समाजाचेच होते, हेही विसरू नये. महार-चांभार भेद मोडून काढणे हा चळवळीचा पहिल्यापासूनचा कार्यक्रम होता. तेव्हा बाळू हे 'त्यांचे' आणि बाबासाहेब 'आमचे' अशी वाटणी जो करील तो १९३७च्या काँग्रेसचेच काम आज फुकट करून देईल.

आज खालापूरच्या कारखान्यांच्या दारात उभे राहा. आमचा पोरगा ठेकेदारीवर आहे, यंत्र तो चालवतो, कायम नोकरी आणि वरची जागा दुसऱ्याची. सरकारी कचेऱ्यांत भरती झाली, पण बढतीची वेळ आली की फाइल अडकते. ७७वी घटनादुरुस्ती १९९५ साली याचसाठी करावी लागली आणि त्यानंतरही बढतीतील आरक्षण न्यायालयांच्या पायऱ्या चढतच राहिले. राजकीय पक्षांत तर विचारूच नका. सतरंज्या उचलायला आम्ही, गर्दी जमवायला आम्ही आणि तिकीटवाटपाच्या बैठकीत आम्ही दाराबाहेर. बाळूंची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी संपलेली नाही.

म्हणून गावोगावच्या आपल्या मंडळांना सांगणे आहे. नुसता संघ काढू नका, संस्था काढा. ती नोंदवा, तिचा हिशेब चोख ठेवा. निवड समितीत आपली माणसे बसवा, त्यात बायाही बसवा. पंचाची परीक्षा द्या, प्रशिक्षकाचे शिक्षण घ्या, गुणलेखक व्हा. बौद्धवाडी, चांभारआळी आणि कातकरवाडी यांचे तीन संघ एकमेकांविरुद्ध झुंजतात तेव्हा कधीतरी तिघांचा मिळून एक संघ करा आणि कप्तान गुणांवर निवडा. आपल्यातही मोठ्या संख्येच्या जातीने लहान जातीला कप्तानी नाकारली तर आपण हिंदू जिमखान्याहून वेगळे कसे? स्पर्धा भरवाल तेव्हा एखाद्या चषकाला बाळू पालवणकरांचे नाव द्या आणि बक्षीस देताना कर्ण्यावरून पाच मिनिटे त्यांची हकीकत सांगा. ती पुरी सांगा. ११४ बळी सांगा, मातीचे बोळके सांगा, १९२०चा नकार सांगा आणि १९३७ही सांगा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना घेऊन ती जुनी निवड समितीच नाकारली. तिचे नियम, तिचा पंच आणि तिची कप्तानी सगळेच नाकारले. शासनकर्ती जमात व्हा, हे त्यांचे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या संघात चांगला गोलंदाज होण्याचे सांगणे नव्हे. मेहनतीत आम्ही कधीच कमी पडलो नाही. बाळूंच्या दुखऱ्या खांद्याने ते इंग्लंडात सिद्ध करून ठेवले आहे. प्रश्न मेहनतीचा नाहीच. कप्तान कोण निवडतो, हा प्रश्न आहे.

जयभीम!